‘स्थळ’ पाहून आलेल्या घरांत

त्र्यंबकेश्वराचें नांव घेतलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें ब्रह्मगिरीचा कडा, कुशावर्ताच्या पायऱ्या आणि नानासाहेब पेशव्यांनीं बांधावयास घेतलेलें तें काळ्या पाषाणाचें मंदिर उभें राहतें. याच गांवानें आपणांस आणखी एक देणगी दिली आहे. तिची आठवण मात्र दर्शनाच्या रांगेंत फारशी कोणास होत नाहीं. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं येथेंच, एका शास्त्र्याच्या घरीं झाला. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजांत अध्यापनाचें काम मिळालें, कुटुंब मुंबईस गेलें आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. गोदावरीप्रमाणेंच आपल्या चित्रपटाचाहि एक बारीकसा झरा त्र्यंबकांतून निघाला, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, प्रस्तुत लेख एका चित्रपटाविषयीं, किंबहुना तो पाहणाऱ्यांविषयीं आहे. आणि त्या चित्रपटाचा विषय हाच विषय मनांत बाळगून कितीतरी आईबाप त्र्यंबकास येत असतात. तो विषय म्हणजे उपवर मुलामुलींचें लग्न. नारायण-नागबलि, कालसर्पशांति वगैरे विधींसाठीं येणाऱ्या यजमानांना हेतु विचारावा, तर ‘मुलीचें जमत नाहीं’, ‘मुलाचें वय वाढत चाललें आहे’ हीं उत्तरें वारंवार ऐकूं येतात. आमचें घर नाशिकास, त्र्यंबकापासून अवघ्या तासाभराच्या वाटेवर, त्यामुळें दूरगांवचे आप्तेष्ट या निमित्तानें आमच्याकडे नेहमींच उतरतात. त्यांच्या बोलण्यांतली काळजी खोटी नसते. परंतु त्या काळजींत ज्याचें लग्न व्हावयाचें त्याचा शब्द किती असतो, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. तो प्रश्न आमच्या घरांत एका लहानशा चित्रपटानें काढला.

त्या चित्रपटाचें नांव ‘स्थळ’. दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव हें याचें स्थान, वऱ्हाडी बोली ही याची भाषा आणि तेथलीं साधीं माणसें हेच याचे नट. नांवाजलेला चेहरा एकहि नाहीं, नाचगाणें नाहीं, डोळे दिपविणारा देखावा नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत तो प्रथम कॅनडांतील टोरोंटो येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवांत दाखविला गेला आणि आशियाई चित्रपटांसाठीं असलेलें ‘नेटपॅक’ पारितोषिक त्याला तेथें मिळालें. आपल्याकडील चित्रगृहांत यावयास त्याला ७ मार्च २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. थोडक्या भांडवलावर आणि कोणा बड्या नटाच्या आधाराविना केलेल्या चित्रपटांचें असेंच होतें. परदेशांत टाळ्या आधीं आणि स्वदेशांत चित्रगृह मागाहून.

कथा चार ओळींत सांगण्यासारखी आहे. सविता ही कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. ती बी. ए. च्या शेवटच्या वर्गांत आहे, समाजशास्त्र हा तिचा विषय आहे, आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नोकरी करावी अशी तिची मनीषा आहे. एका तरुण प्राध्यापकाविषयीं तिच्या मनांत न बोललेली अशी ओढहि आहे. वर्गांत स्त्रियांच्या सबलीकरणाचे धडे चालू असतात; घरीं मात्र मुलगी पाहावयास मंडळी येत असतात. पुरुषमंडळी ओळीनें बसते, ती मधोमध बसते आणि प्रश्न सुरू होतात : नांव काय, शिक्षण काय, उंची किती, आवड कशाची, शेतींतलें काम येतें का? मंडळी पोहे खाऊन जाते आणि नकार येतो. कधीं रंगामुळें, कधीं उंचीमुळें. पुन्हां दुसरी मंडळी, पुन्हां तेच प्रश्न. तिकडे कापसाला भाव नाहीं, आणि हुंड्याचा आंकडा तर डोक्यावर उभा. चित्रपटाच्या आरंभीं मात्र सविता एक स्वप्न पाहते : बायकांची मंडळी बसली आहे आणि मधोमध मान खालीं घालून एक पुरुष बसला आहे, त्याला त्या नांव, शिक्षण, उंची विचारीत आहेत. शेवट काय होतो तें येथें सांगणें उचित नव्हे. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो स्वतः पाहावा.

आतां पाहणाऱ्यांविषयीं. आमच्या घरांतून लहानमोठीं मिळून नऊ माणसें हा चित्रपट पाहून आलीं, शेजारच्या दोन बिऱ्हाडांतील मंडळीहि आली होती, आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवस ओटीवर आणि स्वयंपाकघरांत दुसरा विषय नव्हता. या चर्चेंत मतें अनेक निघालीं, तरी त्यांचे ठोकळमानानें चार प्रकार पाडतां येतात. प्रत्येक प्रकाराचा विचार करणें अगत्याचें वाटतें, कारण हीं मतें चित्रपटाविषयीं जेवढें सांगतात त्याहून अधिक आपल्या घरांविषयीं सांगतात.

पहिला प्रकार हंसण्याचा. स्वप्नांतला तो पुरुष स्टुलावर बसला तेव्हां चित्रगृहांत मोठा हंशा पिकला. पुढें सविता तशीच बसली, तिला तेच प्रश्न विचारले गेले, तेव्हां कोणी हंसलें नाहीं. पण कोणाला कांहीं विशेषहि वाटलें नाहीं. माझ्या भाच्याच्या ही गोष्ट नेमकी ध्यानांत आली. तो घरीं येतांना म्हणाला, “मामी, प्रश्न तेच, बसण्याची रीत तीच. मग एका ठिकाणीं विनोद आणि दुसऱ्या ठिकाणीं रीतरिवाज, हें कसें?” त्या पोरानें एका वाक्यांत जें सांगितलें तें मोठमोठ्या परीक्षणांत क्वचितच सांपडेल. जी वागणूक पुरुषाच्या वांट्यास आली असतां हास्यास्पद दिसते, ती स्त्रीच्या वांट्यास आली असतां आपणांस दिसतच नाहीं, इतकी ती आपल्या डोळ्यांच्या संवयीची झालेली आहे.

दुसरा प्रकार अंग झटकण्याचा. “हें सगळें खेड्यांत चालतें, आपल्यांत असें कांहीं उरलें नाहीं,” असें आमच्या थोरल्या जाऊबाई चित्रगृहाच्या पायऱ्या उतरतां उतरतांच म्हणाल्या, आणि शेजारच्या काकांनीं त्यास दुजोरा दिला. वरवर पाहतां हें खरेंहि आहे. आपल्या घरांतल्या मुली इंजिनियर होतात, परगांवीं एकट्या राहतात, परदेशीं नोकरी करतात. त्यांना कोणी चालून दाखव म्हणत नाहीं. पण माहितीपत्रकावर उंची असते, वर्ण ‘गोरा’ कीं ‘निमगोरा’ याचा रकाना असतो, पगाराचा आंकडा असतो, चष्मा आहे कीं नाहीं हें असतें आणि सर्वांच्या आधीं पत्रिका असते. स्टूल गेलें, त्याच्या जागीं भ्रमणध्वनीवरचें छायाचित्र आलें. पूर्वी चार माणसें समोर बसून नापसंत करीत. आतां चाळीस घरें न भेटतांच अंगठ्यानें पुढें सरकवितात. हा फरक सुधारणेचा आहे कीं केवळ साधनांचा आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

तिसरा प्रकार आईबापांची बाजू घेण्याचा. आणि हा प्रकार मला सर्वांत आदराचा वाटतो. आमच्या भावोजींचें म्हणणें असें कीं, “त्या बापाचें काय चुकलें? त्यानें मुलीला कॉलेजांत घातलें, तिच्यासाठीं दारोदार हिंडला, स्वतः कर्जांत बुडाला. आणखी त्यानें काय करावयास हवें होतें?” हें मत चित्रपटाच्या विरुद्ध नाहीं, उलट तें चित्रपटाच्या गाभ्यापर्यंत पोहोंचलेलें आहे. या चित्रपटांत दुष्ट कोणी नाहीं. बाप मायाळू आहे, आई कष्टाळू आहे, पाहावयास येणारी मंडळीहि चारचौघांसारखीच आहे. सर्वजण आपापलें कर्तव्य करीत आहेत. आणि या सर्वांच्या कर्तव्यदक्षतेच्या मधोमध एक मुलगी गप्प बसली आहे, तिला कोणीं कांहीं विचारलेलें नाहीं.

ही गोष्ट नीट समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकांत मुलगी कोंवळी आणि नवरदेव पंचाहत्तरीचा होता. १९३७ मध्यें प्रभात कंपनीनें नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ हा बोलपट काढला. त्यांत शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. मुलगी तरुण, नवरा म्हातारा वकील. नीरा हें लग्न मनानें मानावयास शेवटपर्यंत तयार होत नाहीं. व्ही. शांताराम यांचा तो बोलपट आपल्यापैकीं अनेकांच्या आजीआजोबांनीं पाहिला होता आणि त्यावर त्यांच्या ओटीवरहि असेच वाद झाले होते.

परंतु शारदेच्या आणि नीरेच्या प्रेक्षकांस एक सोय होती. अन्याय कोठें आहे हें दाखवावयास पांढरे केंस समोर होते. म्हाताऱ्यानें कोंवळ्या मुलीशीं लग्न करूं नये, एवढें म्हटलें कीं प्रेक्षक मोकळा होई, आणि आपल्या घरांत असा म्हातारा नवरदेव नाहीं म्हणून निश्चिंतहि होई. यथाकाल कायदेहि झाले. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें किमान वय १४ आणि मुलाचें १८ ठरविलें. १९७८ पासून तें अनुक्रमें १८ आणि २१ झालें. हुंड्याला १९६१ च्या कायद्यानें बंदी झाली. हुंड्याचा कायदा लोकांनीं किती पाळला हें सर्वांस दिसतेंच. पण वयाचा दोष तरी पुष्कळ अंशीं गेला. सविता सज्ञान आहे, पदवीधर होऊं घातली आहे, तिला पाहावयास येणारे तरुणहि तिच्याच जोडीचे आहेत. मग उरलें काय? उरला तो नीरेचाच मूळ आक्षेप : ‘मला विचारलें नाहीं.’ म्हातारा नवरा बाजूला काढल्यावर हा आक्षेप नाहींसा होत नाहीं. उलट अधिकच उघडा पडतो. ‘कुंकू’ पाहून प्रेक्षक दुसऱ्यावर रागावूं शकत होता. ‘स्थळ’ पाहून रागावावयास दुसरा कोणी सांपडत नाहीं, म्हणूनच त्याला अस्वस्थ वाटतें. आणि तें अस्वस्थपण टाळण्यासाठीं तो ‘आपल्यांत असें नसतें’ असें म्हणतो.

येथें मुलांची बाजूहि मांडली पाहिजे, नाहीं तर विचार एकांगी होईल. पाहिलें जाणें हें आतां मुलींच्याच कपाळीं राहिलेलें नाहीं. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापूर येथें अविवाहित तरुणांनीं मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. वृत्तपत्रांनीं तो गमतीचा म्हणून छापला. पण त्या तरुणांचें म्हणणें गमतीचें नव्हतें. वर्षानुवर्षें मुलींचा जन्म नाकारल्याचें फळ म्हणून मुलींची संख्या घटली आहे, आणि शेतकरी मुलाला कोणी मुलगी देत नाहीं, असें ते सांगत होते. नोकरी कोठें, घर स्वतःचें कीं भाड्याचें, आईबाप जवळ राहतात कीं गांवीं, या प्रश्नांच्या मधोमध आतां मुलगाहि बसलेला आहे. सविताचें स्वप्न एका अर्थीं खरें झालें, पण त्यानें सविता सुटली नाहीं. फक्त स्टुलें दोन झालीं. दोघांनाहि ओळखण्याऐवजीं मोजलें जातें, आणि मोजणारे बहुधा तिसरेच असतात.

चौथा प्रकार न बोलण्याचा. तो आमच्या पुतणीच्या बाबतींत घडला, म्हणून तो जरा सविस्तर सांगतें. तिचें वय सव्वीस. पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत ती नोकरीस आहे. दोन वर्षें तिच्यासाठीं स्थळें पाहणें चालू आहे. पांच-सहा ठिकाणीं पत्रिका जुळली नाहीं, दोन ठिकाणीं त्यांचा नकार आला, एका ठिकाणीं आमच्याकडून गेला. तेव्हां वडीलधाऱ्यांच्या मनानें घेतलें कीं, त्र्यंबकास एकदां शांति करून घ्यावी. उपाध्येबुवांशीं बोलणें झालें, दिवसहि जवळजवळ ठरला. अशा वेळीं हा चित्रपट पाहण्यांत आला. इतर सर्वजण वाद घालीत असतां ही मुलगी दोन दिवस कांहींच बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं माझ्या सासूबाईंजवळ बसून तिनें शांतपणें विचारलें, “आजी, पूजेच्या संकल्पांत काय म्हणतात ग?”

सासूबाईंनीं सांगितलें कीं यजमानाचें नांव घेतात, गोत्र घेतात, आणि कोणत्या हेतूनें कर्म करावयाचें तो हेतु उच्चारतात. त्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझें लग्न लवकर व्हावें हा हेतु बाबा बोलणार. पण माझा हेतु काय आहे, हें मला अजून कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें.”

सासूबाईंचें वय ब्याऐंशीं आहे. त्यांना पाहावयास आलेल्या मंडळीनें त्यांना सुईंत दोरा ओंवावयास लावला होता, वर्तमानपत्रांतला एक परिच्छेद वाचावयास लावला होता, आणि अंगणांतून विहिरीपर्यंत चालावयास लावलें होतें. ही हकीकत त्या आजपर्यंत नेहमीं हंसत सांगत. त्या दिवशीं मात्र त्या हंसल्या नाहींत. कांहीं वेळ थांबून त्यांनीं नातीला एक प्रश्न विचारला, आणि माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारांत या घरांत कोणा मुलीला हा प्रश्न विचारलेला मीं ऐकला नव्हता. “बरें, मग आतां मी विचारतें. तुला लग्न करावयाचें आहे का?”

मुलगी म्हणाली कीं, करावयाचें आहे. पण दोन वर्षांनीं, आणि माणूस आधीं ओळखून. तिला आणखी एक शिक्षणक्रम पुरा करावयाचा आहे. पत्रिकेला तिचा विरोध नाहीं. पण पत्रिका शेवटीं पाहावी, आधीं नव्हे. एवढेंच. घर मोडणारें यांत कांहींहि नव्हतें. दोन वर्षें ज्या मुलीसाठीं सारें घर धडपडत होतें, तिचें मागणें इतकें साधें होतें. आणि तें समजावयास एक प्रश्न पुरला.

यानें सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र समजूं नये. भावोजी अजून नाराज आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षीं चांगलीं स्थळें मिळणार नाहींत, ही त्यांची भीति आहे, आणि ती अगदींच निराधार आहे असें मीहि म्हणणार नाहीं. समाज जसा आहे तसाच त्यांना दिसतो. पूजा रद्द झाली नाहीं, लांबणीवर पडली. ती व्हावयाची तेव्हां होईल आणि त्या वेळीं संकल्पांतला हेतु मुलीशीं बोलून ठरेल, एवढें जाऊबाईंनीं कबूल केलें. ज्या जाऊबाई ‘आपल्यांत असें नसतें’ म्हणाल्या होत्या, त्याच या. माझ्या मतें हीच त्या चित्रपटाची खरी मिळकत. चित्रगृहांतली टाळी विझते; घरांत विचारलेला प्रश्न विझत नाहीं.

कित्येक वाचक म्हणतील कीं, एवढ्याशा चित्रपटाला इतकें महत्त्व कशाला? त्यांना पुन्हां त्र्यंबकाच्या सुपुत्राची आठवण द्यावीशी वाटते. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, तो तरी कोठें बड्या भांडवलाचा होता? विम्याच्या पॉलिस्या आणि घरांतले दागिने यांवर तो उभा राहिला. सरस्वतीबाई फाळके मंडळीचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कडांना भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामेंहि त्यांनीं शिकून घेतलीं. त्या चित्रपटांत तारामतीचें काम करावयास एकहि स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या, उपाहारगृहांत काम करणाऱ्या तरुणाला लुगडें नेसावें लागलें. पण ‘मोहिनी भस्मासुर’ या फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. त्यावेळच्या प्रतिष्ठित घरांतून या गोष्टीस किती नाकें मुरडलीं गेलीं असतील, याची कल्पना आपण सहज करूं शकतों. आज त्याच घरांतल्या मुली अभिनयाच्या शिक्षणास जातात आणि आजी कौतुकानें पाहतात. सारांश, आज जें ‘आपल्यांत नसतें’ तें उद्यां आपल्यांत असतें; आणि आज जें आपल्यांत असूनहि दिसत नाहीं तें दाखवावयास बहुधा असा एखादा गरीब चित्रपटच लागतो. धनिक चित्रपट आपल्याला आवडेल तें दाखवितो. त्याला तसें करणें भागच असतें.

आतां विचारी कुटुंबांनीं यांतून काय घ्यावें? मुलगी पाहण्याची चाल अजिबात टाकावी, असें मी म्हणत नाहीं. दोन घरांनीं एकमेकांच्या घरीं येणें, चहा-पोहे घेणें, माणसें पाहणें यांत वाईट कांहींच नाहीं. प्रेमविवाह करणाऱ्यांनाहि एक दिवस हें करावेंच लागतें. आईबापांनीं चौकशी करणें हें त्यांचें कर्तव्य आहे, आणि अनुभवाच्या डोळ्याला जें दिसतें तें तरुण डोळ्याला दिसत नाहीं हेंहि खरें. वाद चालीविषयीं नाहीं, क्रमाविषयीं आहे. आधीं छायाचित्र, मग पत्रिका, मग पगार, मग घरदार, मग पोहे आणि सर्वांच्या शेवटीं, झालें तर, ‘तुझें काय म्हणणें?’ हा आपला क्रम. तो उलटा केला पाहिजे. स्थळाचा शोध सुरू करण्यापूर्वींच मुलाला आणि मुलीला वेगवेगळें, एकांतांत, घाई न करतां विचारावें कीं, लग्न करावयाचें आहे का, केव्हां, आणि मनांत कोणी आहे का? हा प्रश्न आईनें विचारल्यास बरा. घरांत आजी असेल तर तिनें विचारल्यास फारच उत्तम, कारण आजीला खरें सांगणें मुलांना सोपें जातें.

दुसरें असें कीं, नकार देण्याचा अधिकार खरा असावा. ‘नको वाटलें तर सांग हो’ असें तोंडानें म्हणून, तिनें नको म्हटल्यावर चार दिवस घरांत अबोला धरणें हा अधिकार नव्हे. ती शिक्षा आहे. सविताचा बाप कर्जांत असल्यामुळें तिच्या नकाराची किंमत सारें घर मोजणार होतें, म्हणून तिला नकार देतां येत नव्हता. आपल्या घरांत कर्ज नसेल. पण रुसवे, टोमणे आणि ‘आमच्या जिवाला घोर’ हीं नाणीं कांहीं कमी जड नसतात. तिसरें, समोरच्या घरानें आपल्या मुलीच्या रंगाविषयीं विचारलेलें आपणांस जसें लागतें, तसेंच आपण दुसऱ्याच्या मुलीविषयीं किंवा मुलाच्या केंसांविषयीं बोललेलें त्यांना लागतें, हें सुनेचा शोध करतांना विसरूं नये. आणि शेवटचें, नकार कळवावयाचा तर तो लवकर आणि सौजन्यानें कळवावा. आठ-आठ दिवस दुसऱ्या घरास टेलिफोनकडे कान लावून बसविणें हें सभ्यपणाचें लक्षण नव्हे.

‘स्थळ’ या शब्दाचा मूळ अर्थ जागा. मुलीला स्थळ पाहतों म्हणजे तिच्यासाठीं जागा पाहतों. पण ती ज्या घरांत वाढली त्या घरांत तिच्या शब्दाला जागा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्या घरांत ती जागा आहे त्या घरांतली मुलगी पुढें कोणत्याहि घरांत गेली तरी उभी राहील. आणि ज्या घरांत मुलालाहि ती जागा आहे, त्या घरांत येणाऱ्या सुनेला ती मागून घ्यावी लागणार नाहीं. हा चित्रपट घरांतल्या सर्वांनीं, वडीलधाऱ्यांसह, एकत्र बसून पाहावा. आणि पाहून झाल्यावर नट कसे होते, छायाचित्रण कसें होतें, ही चर्चा जरा मागें ठेवून, घरांत जें कोणी उपवर असेल त्याच्या शेजारीं जाऊन बसावें.